भातशेतीचा पाणी-पाईप: वस्तू चांगली, पण नाल्याखालची जमीन असेल तर आधी हे वाचा

उन्हाळी भातासाठी भोकं पाडलेला जो पाईप मिळतो ना, एडब्ल्यूडी पाईप (आलटून-पालटून पाणी भरायचं आणि सुकवायचं, त्या पद्धतीचा), आमच्याकडे सगळे नुसता पाणी-पाईप म्हणतात, तो आम्ही घेतला आणि पूर्ण हंगाम वापरला, त्याचा हा रिव्ह्यू. रायगड जिल्हा, कालव्याखालची जमीन, आणि आमच्या खाचरांच्या वरच्या अंगाला कारखान्यांचं पाणी घेऊन येणारा नाला आहे, हे आधीच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वस्तू म्हणून पाचपैकी चार स्टार. सोबत जे माहितीपत्रक येतं त्याला एकच, आणि तो एकच का ते खाली सविस्तर लिहिलंय, पाईपापेक्षा तेच जास्त महत्त्वाचं आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हा साधा ३० सेंमी लांबीचा प्लास्टिकचा नळा, रुंदीला १० ते १५ सेंमी, खालच्या भागाला चहूबाजूंनी बारीक भोकं. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने, म्हणजे इरीने, ही पद्धत सगळीकडे पसरवली. लावणीनंतर आठ-पंधरा दिवसांनी रोपं धरली की खाचरात येता-जाता दिसेल अशा ठिकाणी तो भोकांचा भाग चिखलात १५ ते २० सेंमी दाबायचा, आतला चिखल हाताने उपसून टाकायचा, की आत पाणी दिसायला लागतं. वर जमिनीवर पाणी दिसेनासं झालं तरी पाईपात पातळी दिसते, आणि ती जमिनीपासून १५ सेंमी खाली गेली की मग पाणी सोडायचं, ५ सेंमी उभं राहील एवढं. फुलोऱ्याच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर मात्र पाणी तुटू द्यायचं नाही. बस एवढंच, बॅटरी नाही, ॲप नाही, मोबाईलला रेंज लागत नाही.

फायदा खरा आहे. इरीच्या सांगण्याप्रमाणे पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचतं, भातशेतातून निघणारा मिथेन वायू जवळजवळ निम्म्याने कमी होतो, आणि १५ सेंमीची मर्यादा पाळली तर उतारा घटत नाही. आमचाही उतारा घटला नाही, पाण्याची पाळी लांबली तरी आता आमचे आबा अस्वस्थ होत नाहीत, कारण पाईपात डोकावलं की कळतं अजून मुळांना पाणी आहे. आधी जमीन वरून जरा फटफटीत दिसली की लगेच पंप चालू व्हायचा. ते डिझेल वाचलं.

वस्तूतल्या खोडी दोन. एक म्हणजे तयार पाईपाला आतून बारीक जाळी लावलेली असते, चिखल आत येऊ नये म्हणून, पण आपल्या चिकट मातीत ती जाळी गच्च बसते आणि मग बाहेर पाणी उतरलेलं असतं पण आत तसंच उभं दिसतं, म्हणजे पाईप चुकीचं सांगायला लागतो. जाळी काढून टाका किंवा अधूनमधून पाईप उपसून धुवा. दुसरं म्हणजे वरचा काठ जमिनीच्या फार जवळ राहतो, जोराचा पाऊस आला की वरून गढूळ पाणी आत पडतं. बाकी सहा इंची पीव्हीसी पाईपाचा तुकडा आणि ड्रिल असेल तर घरीच करा, भोकं पाच मिलिमीटरची, दोन-दोन सेंटिमीटरवर, तयार पाईपात याहून वेगळं काही नाही. शेजारच्या काकांनी घरी केलेला आमच्या विकतच्यापेक्षा चांगला चालला.

पावसाळी भाताला घेऊ नका. कोकणात जुलै-ऑगस्टला जमीन सुकणारच नाही तर पाईप दाखवणार काय. कर्जतचा राजनाला असो नाहीतर डोलवहालचे कालवे, जिथे उन्हाळ्यात पाळीने पाणी मिळतं आणि दुसरं भात घेतात तिथेच याचा उपयोग.

आता एक गोष्ट जी माहितीपत्रकात नव्हती आणि मला या पाईपाची सगळ्यात आवडलेली बाजू तीच आहे. प्रत्येक खाचरात एकेक लावला की शेतातलं पाणी नक्की जातं कुठे ते कळायला लागतं. चिखलणी चांगली झालेल्या खाचरात तळाला कठीण थर बसतो, पाणी दिवसाला काही मिलिमीटरच खाली झिरपतं. पण एका खाचरात पातळी भराभर उतरायची, आम्हाला वाटायचं जमीनच हलकी, बघितलं तर बांधाला खेकड्यांची बिळं होती आणि पाणी खाली मुरत नव्हतं, आडवं खालच्या खाचरात जात होतं. बांधाच्या पलीकडच्या कडेला तांबूस तवंग दिसतो ना पाण्यावर, तो लोखंडाचा, पाण्याखालच्या मातीतलं लोखंड विरघळून त्या झिरपणाऱ्या पाण्याबरोबर येतं आणि हवा लागली की गंजून वर बसतं. म्हणजे पाण्याबरोबर मातीतलं काय काय प्रवास करतं ते डोळ्यांना दिसतं. लोखंड दिसतं, कॅडमियम आणि आर्सेनिक दिसत नाही, एवढाच फरक, आणि म्हणून पुढचं लिहितोय.

दुकानदाराने पाईप देताना सांगितलं, दादा बिनधास्त सुकवा, जेवढं सुकवाल तेवढं चांगलं. माहितीपत्रकातही तेच, पाणी सुकवल्याने तांदळातले विषारी धातू कमी होतात असं एक वाक्य मोठ्या अक्षरात छापलंय. हे वाक्य अर्धंच खरं आहे आणि अर्धं खरं असल्यामुळेच धोक्याचं आहे.

खरं अर्ध असं. आर्सेनिक मातीत बहुतेक लोखंडाच्या गंजाला चिकटून बसलेलं असतं. शेतात पाणी उभं राहिलं की काही दिवसांत मातीतला ऑक्सिजन संपतो, जिवाणू त्या गंजावर जगायला लागतात, लोखंड विरघळतं आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिकही सुटून पाण्यात येतं. या रूपातलं आर्सेनिक भाताच्या मुळाला सिलिकासारखं वाटतं, आणि भात हे सिलिका भरपूर ओढणारं पीक, म्हणून ज्या वाटेने सिलिका आत जाते त्याच वाटेने हेही जातं. पाणी तोडलं, हवा आत गेली, की परत गंज तयार होतो आणि आर्सेनिक त्याला जाऊन चिकटतं. त्यामुळे पश्चिम बंगाल, बांगलादेश, जिथे बोअरच्या पाण्यातच आर्सेनिक आहे आणि त्यावर उन्हाळी बोरो भात होतो, तिथे हा पाईप पाणीही वाचवतो आणि तांदळातलं आर्सेनिकही कमी करतो. तिथल्या शेतकऱ्याला मी हा डोळे झाकून घ्या म्हणेन.

कॅडमियमचं बरोब्बर उलटं. पाणी भरलेलं असताना मातीतल्या गंधकाचं सल्फाइड होतं आणि कॅडमियम त्यात जखडून बसतं, मुळांना मिळत नाही. पाणी तोडून जमीन सुकवली की हवा लागून ते सल्फाइड मोडतं, मातीचा सामू, म्हणजे पीएच, पण खाली येतो, आणि कॅडमियम मोकळं होऊन पाण्यात उतरतं, मग मूळ त्याला मँगनीज ओढायच्या वाटेने आत घेतं. आणि आपली कोकणची जांभ्याची माती आधीच आम्ल, आम्ल मातीत कॅडमियम अजून सहज सुटतं. म्हणजे ज्याच्या शेतात कारखान्याच्या पाण्याने कॅडमियम आलंय त्याने पत्रक वाचून जोमाने जमीन सुकवली तर तांदळात ते वाढणार. जपानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे दोन्ही एकाच वेळी मोजलं होतं, पाणी भरून ठेवलं की कॅडमियम खाली आर्सेनिक वर, सुकवलं की आर्सेनिक खाली कॅडमियम वर. दोन्ही एकाच माती-पाण्यात असतील तर पाणी कधी आणि किती दिवस तोडायचं याचा मेळ घालणं खरंच अवघड आहे.

जपानने हे फार किंमत देऊन शिकलंय. तोयामा प्रांतातून वाहणारी जिन्झू नदी, तिच्या वरच्या अंगाला शेजारच्या गिफू प्रांतात कामिओकाची जस्ताची खाण, तिचं पाणी नदीत, नदीचं पाणी भातशेतीत, आणि खाली गावातल्या बायकांची हाडं ठिसूळ होऊन नुसत्या खोकल्यानेही मोडायची. इताई-इताई म्हणतात त्या आजाराला. १९६८ साली सरकारने मान्य केलं की हा प्रदूषणाचा आजार आहे आणि मूळ कॅडमियम. लोक कारखान्यात कामाला गेले नव्हते, त्यांनी फक्त आपल्या शेतातला तांदूळ खाल्ला आणि नदीचं पाणी प्यायले. ती जमीन परत भात घेण्यालायक करायचं काम २०१२ पर्यंत चाललं, दूषित माती खाली गाडून वर नवी माती टाकायची, शेकडो हेक्टरवर. शरीरात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात दहा-दहा वीस-वीस वर्षं राहतं, ते आज खाल्लं उद्या गेलं असं नसतं. हे वाचल्यापासून मला त्या माहितीपत्रकाचा खरंच राग येतो, कारण ते छापणाऱ्याने मातीत काय आहे हे विचारा एवढं एक वाक्य टाकायला काही खर्च नव्हता.

मग जपानमधल्या अशा जमिनीत शेतकरी काय करतात तर लोंबी बाहेर पडायच्या आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे पाणी अजिबात तोडत नाहीत. कारण दाण्यात जाणारं कॅडमियम मुख्यतः त्याच काळात चढतं. आपल्या पाईपावरचा नियम फक्त फुलोऱ्याच्या आगेमागे आठवडाभर पाणी ठेवा म्हणतो, आणि मग दाणा दुधात असताना, भरत असताना आपण सुकवायला मोकळे. कॅडमियमच्या जमिनीत तीच वेळ सगळ्यात वाईट. म्हणून आम्ही आता पाईप उलट्या कामाला वापरतो, नाल्याकडच्या खाचरात तो पाणी कधी द्यायचं हे बघायला नाही तर पातळी जमिनीच्या खाली जातेय का हे बघायला आहे, पोटरीपासून दाणा पक्का होईपर्यंत ती खाली गेलेली आम्हाला दिसायला नको. पाणी जास्त लागतं, मान्य. पण ते पाणी बाकीच्या खाचरांमध्ये वाचवलेलं वापरतो.

आणि सगळ्या शेतात सारखंच असतं असं समजू नका. जिथून पाणी खाचरात शिरतं ते तोंड, तिथे पाण्याचा वेग पडतो, गाळ बसतो, विरघळलेलं लोखंड हवा लागून तिथेच साका धरतं आणि बाकीचे धातू त्याच्यासोबत. त्यामुळे तोंडाजवळ जास्त आणि दूर जावं तसं कमी, बांगलादेशातल्या आर्सेनिकच्या शेतात हेच दिसलंय आणि जपानमध्ये कॅडमियमच्या शेतातही. आमच्याकडे पहिल्या खाचरात, जे नाल्याच्या पाण्याचं पहिलं धनी, कॅडमियम बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघालं आणि शेवटच्या दोन खाचरांत अगदी नगण्य. मधल्या बांधांनी आणि वरच्या खाचराने खालच्यांना वाचवलं म्हणायचं. तुम्ही माती तपासायला द्याल तेव्हा सगळ्या शेताची माती घमेल्यात एकत्र करून देतात तसं इथे करू नका, तोंडाजवळची वेगळी पिशवी, मधली वेगळी, शेवटची वेगळी. एकत्र केलं की पहिल्या खाचराचा आकडा बाकीच्यांत बुडून जातो आणि रिपोर्ट सगळं ठीक म्हणतो.

अजून एक, जमीन फार सुकवून भेगा पडू देऊ नका. १५ सेंमीच्या मर्यादेपर्यंत सहसा पडत नाहीत पण चिकट माती आणि पाळी चुकली की पडतात, आणि एकदा तळापर्यंत भेग गेली की पुढचं पाणी मातीतून झिरपत नाही, सरळ भेगेतून खाली पळतं. मुळांना मिळत नाही, दिलेला युरिया धुऊन नेतं, आणि नाल्यातून आलेलं जे काय असेल ते कठीण थराच्या खाली विहिरीच्या पाण्याकडे. ज्यांची पिण्याची विहीर भातखाचरालगत आहे त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

पाईपाशिवाय काय करता येतं तेही थोडं सांगतो कारण नुसत्या पाण्याने सगळं भागत नाही. कॅडमियमसाठी चुना, सामू वर आला की ते मातीला धरून बसतं. आर्सेनिकसाठी सिलिका, आणि इथे मला डॉ. नारायण सावंतांच्या भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीची आठवण येते, रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळा हे पहिलंच सूत्र, तिच्यात भरपूर सिलिका असते. ते रोप दणकट व्हावं, कीड कमी लागावी म्हणून सांगितलेलं, पण मुळाला चांगली सिलिका मिळाली की त्याच वाटेवरचं आर्सेनिक मागे राहतं हा वरचा फायदा. फक्त तूस आणि पेंढा स्वच्छ खाचरातला घ्या. पेंढ्यात हे धातू दाण्यापेक्षा जास्त साठतात, पहिल्या खाचराचा पेंढा आम्ही ना गुरांना घालत ना शेतात परत कुजवत.

घरच्या जेवणाचंही विचारतात लोक. भरपूर पाण्यात शिजवून वेळलेला भात, जसा आमच्या आजीच्या हातचा असायचा, त्यात आर्सेनिक बरंच कमी होतं, ते पाण्याबरोबर निघून जातं, अर्थात शिजवायचं पाणी स्वच्छ हवं आणि ती पेज मग प्यायची नाही. कॅडमियम असं जात नाही. पॉलिश केल्यानेही फारसं जात नाही, ते दाण्यात आतपर्यंत असतं. तेव्हा कॅडमियमचा इलाज शेतातच, ताटात नाही.

आता घ्यावा की नाही. नाला, कारखाना, खाण, जुनी कचराभूमी यातलं काहीच वरच्या अंगाला नसेल आणि पाणी कालव्याचं असेल तर नक्की घ्या, एका हंगामात पैसे वसूल. फुकट पाईप देणारे कार्बन क्रेडिटवाले, म्हणजे कमी झालेल्या मिथेनचे पैसे करणाऱ्या कंपन्या, आले तरी घ्या, पण करारात पाणी किती वेळा सुकवायचं याची सक्ती आहे का ते वाचा, आणि तुमची जमीन आमच्यासारखी असेल तर नाल्याकडची खाचरं त्या करारातून बाहेर ठेवायला सांगा, सरळ तोंडावर सांगा. आमच्याकडे आलेल्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने ते पहिल्यांदाच ऐकलं होतं, बिचारा प्रामाणिकपणे लिहून घेऊन गेला.

आणि वरच्या अंगाला असं काही असेल तर पाईपाआधी तपासणी. मृदा आरोग्य पत्रिकेवर अवलंबून राहू नका, २०१५ पासून मिळते ती पत्रिका खतासाठी चांगली आहे, पण त्यातले १२ घटक म्हणजे सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही, शिसं नाही. पत्रिका हिरवी आली म्हणून शेत स्वच्छ असं होत नाही. त्यासाठी जड धातू तपासणारी एनएबीएल मान्यतेची लॅब लागते आणि तिथे पैसे जातात, गावातल्या चार-पाच जणांनी मिळून नमुने दिले तर परवडतं. एकच नमुना परवडत असेल तर मातीपेक्षा तांदूळ द्या, पहिल्या खाचराचा, वेगळा झोडून वेगळा भरडलेला. मातीत किती आहे यापेक्षा दाण्यात किती चढलं हेच खरं. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा लक्षात ठेवा, पॉलिश तांदळात कॅडमियम किलोमागे ०.४ मिलिग्रॅम आणि असेंद्रिय आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅम.

लॅबला फोन कराल तेव्हा एवढं नक्की विचारा की तांदळात कॅडमियम किती कमी पातळीपर्यंत मोजता येतं. आम्हाला एका ठिकाणाहून "आढळले नाही" असा रिपोर्ट आला होता, खाली बारीक अक्षरात बघितलं तर त्यांच्या मशीनची किमान मर्यादाच किलोमागे ०.५, म्हणजे कोडेक्सच्या मर्यादेच्या वर. ०.०५ पर्यंत मोजणारी लॅब असेल तरच नमुना पाठवा, आणि कुरिअर करताना प्रत्येक पिशवीवर खाचर कुठलं आणि पाण्याच्या तोंडापासून किती पावलांवर ते लिहायला विसरू नका.